चासीखालची सावली

“…मग सांगा ना चाचा, आता माझं काय शिकायचं राहिलं?”

रघूनं पुन्हा तेच विचारलं.

चाचांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली.

“चहा घे.”

“चहा नको. उत्तर द्या.”

“दोन्ही गरमच आहेत. थांब जरा.”

माझ्या दुकानाच्या पायरीवरची ही गोष्ट. बंदरावर, बर्फाच्या कारखान्यासमोर माझं दोर, जाळी आणि ताडपत्रीचं दुकान आहे. दारात एक बाकडं ठेवलंय. लोक म्हणतात, शेट, बाकड्याची जागा फुकट जाते, तिथं माल लावा. पण बाकड्यावर माणूस बसला की दुसरा थांबतो, आणि दोघं थांबले की तिसऱ्याला वाटतं, इथं काहीतरी चांगलं मिळतंय. धंद्यातलं मला एवढंच कळतं. बाकीचं ऐकून ऐकून.

त्या बाकड्यावर रोज सकाळी अब्बास मुकादम येऊन बसत. आमचे सगळ्यांचे चाचा.

चाचा जुन्या गाड्या पारखत. स्वतः कधी घेतली नाही, कधी विकली नाही. मासळीची पिकअप आमच्याकडे किती टिकते ते बंदरावरच्या माणसाला विचारा. हौद्यात बर्फ, बर्फात मासळी. बर्फ वितळतो, मासळीनं खारं झालेलं ते पाणी सांध्यांतून खाली झिरपतं आणि चासीवर पडतं. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, सगळं ओझं तिच्यावर. तिला गंज आतून लागतो. बाहेरून काळा रंग मारला की गाडी लग्नाला निघाल्यासारखी दिसते.

म्हणून सौदा ठरला की माणसं चाचांना बोलवायची. चाचा गोणपाट अंथरून गाडीखाली जायचे, हातोडीनं चासी ठोकायचे, ऐकायचे; धड लोखंड टणटणतं, सडलेलं बद्द वाजतं. बाहेर येऊन हातोडी विकणाऱ्याच्या हातात दिली तर सौदा पक्का. जमिनीवर ठेवली तर मोडला. तोंडानं एक शब्द बोलायचा नाही. या रिवाजानं बंदरावरची भांडणं कमी झाली. हातोडीशी कोण भांडणार?

एकदाच बोलले होते. घाटावरचा एक माणूस गाडी खालून घासून, धुऊन, वर अत्तर शिंपडून घेऊन आला. चाचा बाहेर आले आणि म्हणाले, “जनाजा छान सजवलाय.” तो माणूस पुन्हा बंदरावर दिसला नाही.

तर रघू. रघुवीर मयेकर. चाचांचा चेला. मिसरूड फुटायच्या आधीपासून चाचांचं गोणपाट त्यानं वाहिलं. कुठं ठोकायचं, कसं ठोकायचं, हात किती सैल ठेवायचा, सगळं चाचांनी त्याला शिकवलं. पुढं त्यानं जुन्या गाड्यांचं स्वतःचं आवार टाकलं. मोठी पाटी, वर दिवे. पायात पांढरे बूट आले. वाईट माणूस नव्हे हां. माझ्या दुकानाला आग लागली तेव्हा बादल्या घेऊन पहिला धावला होता तो.

चाचांचे हात अलीकडे थरथरत. हातोडी कोणाकडे जाणार याची बंदरावर कुजबुज होती. रघूला ती हवी होती. पैशापेक्षा जास्त हवी होती, हे मी त्याच्या डोळ्यांत पाहिलंय.

आणि त्या दिवशी तो गाडी घेऊन आला होता. पांढरी पिकअप, जुनी, पण रंग असा की तोंड दिसावं. बॉनेटवर झेंडूचा हार. घेणारी होती सुगंधा चोगले, मासळी विकणारी. आजवर दुसऱ्याच्या टेम्पोत पाट्या टाकून पाठवायची. आता मुलगी जयश्री गाडी चालवायला शिकली होती. दोघी मायलेकी स्वतः घाट चढून कोल्हापूरला माल नेणार होत्या. पहिली खेप त्याच दिवशी. माझ्याकडून ताडपत्री घेतली होती तिनं. घासाघीस करून, पण हसत.

“सगळे म्हणतात रघू तयार झाला,” रघू म्हणाला. “तुम्हीच म्हणत नाही.”

“मी कमी बोलतो.”

“मग आज या गाडीवर बोला. सगळ्यांसमोर.”

चाचांनी बशी खाली ठेवली. फडक्यात गुंडाळलेली हातोडी मांडीवर घेतली, फडकं सोडलं. दांडा वर्षानुवर्षांच्या हातांनी काळा पडलेला.

ती त्यांनी रघूपुढे धरली.

“तूच ठोक.”

रघूचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. बर्फाच्या कारखान्यातली माणसं बाहेर आली. सुगंधाबाईनं पिशवीतून नारळ काढून हातात घेतला.

“कुठं ठोकू, चाचा?”

“तुला वाटेल तिथं.”

रघू पांढऱ्या बुटांनिशी गाडीखाली गेला. पुढच्या चाकामागं ठोकलं. टण्. केबिनच्या खाली. टण्. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हुकापाशी, मग शेवटच्या आडव्या पट्टीवर. घंटेसारखा आवाज. हमालांपैकी एकजण म्हणाला, “देवळात बांधा हिला.” लोक हसले.

रघू बाहेर आला. कपाळावर घाम. दांडा पुढे करून हातोडी चाचांना देऊ लागला.

चाचांनी घेतली नाही.

“छान वाजली,” ते म्हणाले. “सगळीकडे सारखीच वाजली.”

“मग?”

“…ऊन लागतंय मला.”

बाकड्यावरचं गोणपाट उचलून चाचा उठले, हळूहळू चालत गाडीपाशी गेले, आणि हौद्याखाली, बरोबर मध्ये, गोणपाट टाकून उताणे आडवे झाले. दुपारी ड्रायव्हर झोपतात ना गाडीच्या सावलीत, तसे. छातीवर दोन्ही हात. वर चासी, एखाद्या हाताच्या अंतरावर.

“सुगंधा,” आतून आवाज आला. “भरून बघ गं गाडी. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली असते.”

“भरायचीच हाय, चाचा. पण तुम्ही उठा तर.”

“म्हातारा पडलाय सावलीत. पडू दे. तुझा बर्फ वितळतोय तिकडं.”

ते खरंच होतं. कारखान्याच्या फळीवर लाद्या निघून ठेवल्या होत्या. हमालांनी आकडे लावले. दोघांनी मिळून पहिली लादी ओढली आणि हौद्यात सोडली.

धडाम्.

गाडी दबली. पाटे करकरले.

“चाचा, बाहेर या,” रघू म्हणाला. “पाणी गळेल अंगावर.”

“गळू दे. उकडतंय.”

दुसरी लादी आली. रघू हौद्याच्या मागच्या फाळक्यापाशी उभा होता, तिथून सरकून चाकापाशी आला.

“इथं तेल आहे खाली. पायजमा खराब होईल तुमचा.”

“तुझ्या बुटांना लागलं का?”

“…नाही.”

“मग माझ्या पायजम्याला कसं लागेल?”

हमाल हसले. मीही हसलो. मला अजून काही कळलं नव्हतं. मी दोर विकणारा माणूस.

मग आणखी एक लादी पडली, आणि हौद्याखालून काहीतरी सुटून खाली आलं. बोटाएवढा तपकिरी पापुद्रा. सरळ चाचांच्या पांढऱ्या दाढीवर. चाचांनी तो झटकला नाही. हात छातीवर होते तसेच राहिले.

रघूनं तो पापुद्रा पाहिला.

मी रघूकडे पाहिलं, आणि माझं हसू गेलं.

“जयश्री,” सुगंधाबाई म्हणाली, “बस गं आत. जरा पुढं-मागं घेऊन बघ. चाचा, आता तरी उठा, गाडी हलवायचीय.”

“हलव ना. मी चाकात नाही, मध्ये आहे.”

जयश्री केबिनमध्ये चढली. आरसा नीट केला. ओढणी कमरेला खोचली. पोरीच्या तोंडावर एवढा आनंद होता की बघणाऱ्यानं दुसरीकडे बघावं.

हमालांनी पुढच्या लादीला आकडा लावला.

“थांबा,” रघू म्हणाला.

कुणी ऐकलं नाही.

“मोठ्यानं बोल की,” चाचा खालून म्हणाले. “हल्ली मला कमी ऐकू येतं.”

“थांबा रे. लादी ठेवा खाली. जयश्री, चावी काढ.”

सगळं थांबलं. हमाल आकडे धरून उभे. लादीतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

रघू गाडीपाशी उकिडवा बसला. पांढरी पँट चिखलात टेकली तरी त्याला कळलं नाही. मी बाकड्यावर होतो, जवळ. म्हणून मला ऐकू आलं.

“चाचा… चासी गेलेली आहे.”

चाचा वर चासीकडेच बघत राहिले.

“मधे तर बोट आरपार जातं. मी… रंगाखाली पुट्टी भरलीय.”

“मग वाजली कशी?”

रघूनं मान खाली घातली.

“वाजली तिथं पत्रा मारलाय. आतून. नवीन, जाड. वेल्डिंग करून.”

“कुठं कुठं?”

“…तुम्ही ठोकायला शिकवलंत तिथं तिथं.”

चाचांनी डोळे मिटले. दाढीवरचा पापुद्रा तसाच. मला वाटलं, आता म्हातारा उठेल आणि याच्या थोबाडीत मारेल. रघूलाही तेच वाटलं असावं. किंबहुना त्याला ते हवं होतं. एक थप्पड बसली की माणूस सुटतो.

“चाचा, बोला काहीतरी.”

“मला कशाला सांगतोस?” चाचा डोळे मिटूनच म्हणाले. “गाडी मी घेत नाहीये.”

सुगंधाबाई पुढच्या बाजूला, बॉनेटपाशी उभी होती. नारळ हातात. चाकापासून तिच्यापर्यंत किती अंतर असेल? चार पावलं, एरवी लक्षातही येत नाहीत. रघूला ते चालायला फार वेळ लागला. मधे कारखान्याची माणसं होती, लिलाव आटपून आलेले होड्यांवरचे तांडेल होते, त्याच्याकडून गाडी घेतलेले दोघं-तिघं होते. सगळे त्याला वाट देत होते. ते जास्त वाईट.

तिच्यासमोर जाऊन तो उभा राहिला. मग वाकला, आणि चाचांची हातोडी जमिनीवर ठेवली.

रिवाजाप्रमाणे सौदा मोडला. सगळ्यांना कळलं. रघू मागं वळू लागला.

“रघूशेट,” सुगंधाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. “हातोडी कळली. आता तोंडानं सांगा.”

“गाडी बरोबर नाही, बाई.”

“काय बरोबर नाही?”

“चासी सडलीय. घाटात… ओझ्याखाली मोडली असती.”

“तुम्हाला आत्ता कळलं?”

मला वाटलं, हो म्हणेल. हो म्हणाला असता तर निभावलं असतं. चूक झाली, नजरेतून सुटलं, माणूस आहे. मी स्वतः धंदेवाला आहे, असे हो मी पुष्कळ ऐकलेत.

रघूनं चाचांच्या पायांकडे पाहिलं. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, टाचांना भेगा पडलेल्या.

“नाही,” तो म्हणाला. “आधीपासून माहीत होतं.”

सुगंधाबाईनं नारळ पिशवीत परत ठेवला. अगदी सावकाश, जणू तो फुटेल.

“माझी पोर चालवणार होती, ते पण माहीत होतं ना?”

“…होतं.”

“तुमच्या आवारातच शिकली ती गाडी वळवायला. तुम्हीच म्हणालात, हात चांगलाय हिचा.”

रघू तिच्या वाटेतून बाजूला सरकला.

ती हमालांकडे वळली. “उतरवा रे बर्फ. आणि टेम्पोवाल्या बाळूला हाक मारा कुणीतरी, म्हणावं आजचा दिवस टेम्पो लागेल.”

जयश्री केबिनमधून उतरली. चावी रघूपुढे धरली. रघूचा हात वर येईना. तिनं थोडं थांबून चावी बॉनेटवर, झेंडूच्या हारापाशी ठेवली आणि आईच्या मागं गेली. जाताना तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्याच्या तोंडावरून वाटलं.

लाद्या उतरल्या. गर्दी पांगली. एरवी बंदरावर एवढं घडलं की आठवडाभर चघळतात. त्या दिवशी माणसं आपापल्या कामाला लागली, कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. प्रत्येकानं रघूकडून काही ना काही घेतलं होतं. मीसुद्धा घेतलं होतं, माझा माल पोचवायचा छोटा टेम्पो. चाचांच्या हातोडीनंच पास झालेला. टेम्पो उभा होता तिकडे मी पाहिलं, आणि पाहिल्याची मलाच लाज वाटली.

रघू परत आला. हातोडी त्यानं फडक्यात गुंडाळून आणली होती. ती बाकड्यावर ठेवली, लांब, आपल्यापासून दूर. मग गाडीपाशी बसला.

“चाचा, उठा आता. रिकामी झाली गाडी.”

चाचा हलले नाहीत.

“मी सकाळी विचारलं ते… चुकलं माझं. परत नाही विचारणार. हातोडी ठेवलीय बाकड्यावर. दुसऱ्या कुणाला द्या.”

रघू आणखी खाली वाकला.

“शिव्या तरी द्या.”

वरून बर्फाचं पाणी अजून ठिबकत होतं. एक थेंब चाचांच्या कपाळावर पडला आणि कानाकडे ओघळला. गंजाचा लालसर थेंब. चाचा वर, चासीकडे बघत होते. डोळे ओले होते की पाणी उडालं होतं, मला सांगता येणार नाही. त्यांनी हात वर नेला, काळ्या रंगावर बोटं फिरवली, एका जागी थांबले, मग दुसऱ्या. जुन्या पुस्तकातली विसरलेली ओळ माणूस शोधतो, तसे.

मग ते गोणपाटावर एका अंगाला सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा केली.

“ये, आत ये,” ते म्हणाले. “कुठं कुठं पत्रा मारलास, हात लावून दाखव मला… माझं शिकायचं राहिलंय.”